कागदावरचे इंग्रजी जोडशब्द : दिसायला सख्खे, परिणामाने परके

मोडीवाचक (धागाकर्ता)

जुळे वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या याद्या आंतरजालावर पोत्याने सापडतात. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट', 'कंटिन्युअस' आणि 'कंटिन्युअल', 'प्रिन्सिपल'च्या दोन वर्तन्या हे सगळे शाळेत घोटून झालेले असते आणि त्यात चूक झालीच, तर फार तर शिक्षकांची तांबडी रेघ पडते. हा धागा त्यांच्यासाठी नाही. ज्या दोन शब्दांची अदलाबदल झाल्यास घर, पैसा किंवा मोकळीक यांपैकी काहीतरी हातचे जाते, अशाच जोड्यांविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात मी 'लीज' आणि 'लायसन्स' यांनी करतो. आपण घर भाड्याने देतो. देणारा घरमालक, घेणारा भाडेकरू आणि महिन्याला येते ते भाडे, एवढ्यावर बोलण्यात भागते. मुंबई-पुण्यात आज जो करार नोंदवला जातो, त्यात मात्र हे तिन्ही शब्द बहुधा नसतातच. त्यांच्या जागी लायसन्सर, लायसन्सी आणि लायसन्स फी असतात, आणि या करारामुळे भाडेकरूचे कोणतेही नाते निर्माण होत नाही, असे एक स्वतंत्र कलम त्यात आवर्जून घातलेले असते.

दोन्ही शब्दांच्या व्याख्या 1882 सालच्या कायद्यांत आहेत. लीज मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 105 मध्ये सापडते, तर लायसन्स सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 मध्ये. लीजमध्ये जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच ठरावीक काळापुरता दुसऱ्याकडे जातो, म्हणजे जागेत त्याचा हितसंबंध तयार होतो. लायसन्समध्ये असे काहीच जात नाही. जे एरवी घुसखोरी ठरले असते, ते करण्याची मुभा मिळते, इतकेच. त्यामुळे घर विकले गेले तरी लीज नव्या मालकाच्या मानगुटीवर बसते आणि लायसन्स मात्र त्याला बांधत नाही. सुविधाधिकार अधिनियमाच्याच कलम 56 प्रमाणे लायसन्स दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. अपवाद आहे तो करमणुकीच्या ठिकाणच्या प्रवेशाचा. ऐनवेळी जमत नाही म्हणून नाटकाचे तिकीट आपण शेजाऱ्यांना देऊन टाकतो, त्याला इतका जुना आणि इतका नेमका कायदेशीर आधार असेल, याची मला तरी कल्पना नव्हती.

चाळकरी

विषय चांगला आहे, पण एक शंका आहे. आमच्याकडे गिरगावात पागडीच्या खोल्यांतून तिसरी पिढी राहते आहे आणि त्यांचे महिन्याचे भाडे केबलच्या बिलापेक्षाही कमी आहे. तीच इमारत, तोच मालक, पण वरच्या मजल्यावर अलीकडे आलेल्या जोडप्याला अकरा महिने भरले की सामान बांधावे लागते. हा सगळा फरक एका शब्दाने पडतो, की वर्षांनी?

कोर्टाची_पायरी

दोन्हींनी पडतो, आणि त्यामागचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येईल ते कमाल भाडे, 1 सप्टेंबर 1940 रोजी जे होते त्याला बांधून टाकले आणि कायद्यात दिलेल्या कारणांवाचून भाडेकरूला काढता येईनासे केले. हे संरक्षण भाडेकरूला होते, लायसन्सीला नव्हते. मग मालकांनी आणि त्यांच्या वकिलांनी काय केले असेल, हे सांगायला नको. व्यवहार तोच ठेवला, कुलूप-किल्ली घेणाऱ्याच्या हाती, दरमहा पैसे मालकाच्या हाती. फक्त कागदावरचा शब्द बदलला. 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार हे मुंबईचे खास अपत्य अशा रीतीने फोफावले.

न्यायालयांना हे समजत नव्हते असे नाही. 1959 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर हे प्रकरण आले. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधील दोन क्लोकरूमच्या जागेत केशकर्तनाचा व्यवसाय चालत असे आणि करारावर लायसन्स असे लिहिलेले होते. न्यायालयाने ते लीज ठरवले. करारातील शब्दापेक्षा व्यवहाराचे सार महत्त्वाचे, पक्षकारांचा हेतू काय होता आणि जागेचा अनन्य ताबा कोणाकडे होता ते पाहावे, ही कसोटी तेव्हापासून आजतागायत उद्धृत केली जाते.

कसोटी उत्तम होती, पण तिच्यामुळे प्रत्येक प्रकरणात साक्षीपुरावे आणि वर्षानुवर्षे चालणारे दावे आले. 1973 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने गाठ सोडवण्याऐवजी कापूनच टाकली. मूळ कायद्यात कलम 15-अ घालून, 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू असलेल्या लायसन्सखाली जे जागेत होते, त्यांना भाडेकरू मानले. आदल्या दिवशी ज्याच्याकडे निव्वळ मुभा होती, त्याच्याकडे एका तारखेने हक्क आला. त्या वेळचे कित्येक मालक पुढे आयुष्यभर जागा कुलूपबंद ठेवून बसले ते या धसक्याने.

1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने काटा उलट्या बाजूला फिरवला. कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली, की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळवता येते. मुदतीनंतर राहणाऱ्याला लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारात जे लिहिले आहे त्याचा तो करारच निर्णायक पुरावा ठरतो. म्हणजे दिल्लीच्या प्रकरणात कागदाच्या आड काय आहे ते न्यायालय पाहत होते. कलम 24 खाली कागदाच्या आड पाहण्याची सोय जवळजवळ उरलेली नाही. चाळकरी, आपल्या वरच्या मजल्यावरील जोडपे या कलमाखाली राहते आणि आपण 1947 पासून चालत आलेल्या भाडेकरूच्या छत्राखाली. शब्दांमधील अंतर तेच राहिले, त्या अंतराला किंमत किती द्यायची ते प्रत्येक कायद्याने नव्याने ठरवले.

अकरा महिन्यांबद्दल एक टीप. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या लीजला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकराचा रिवाज पडला. महाराष्ट्रात मात्र 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, मुदत कितीही असली तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे नोंदणी लागत नाही, असे कोणी एजंट सांगत असेल, तर त्याच्यावर विसंबू नये.

तिरकस_रेघ

माहितीबद्दल आभार. पण मग 'लीव्ह' आणि 'लायसन्स' यांत काय फरक आहे? दोन्हींचा अर्थ परवानगीच आहे ना? की हा मुद्रांक शुल्क वाढवण्याचा डाव आहे?

मोडीवाचक

फरक काहीच नाही, आणि म्हणूनच ही जोडी गमतीची आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून तेथील कायद्याची भाषा लॅटिन आणि फ्रेंच झाली. रयत मात्र इंग्रजीच बोलत राहिली. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीतून करावा असा कायदा 1362 मध्ये झाला तरी लेखनिकांची सवय गेली नाही. कोणताही हक्क शब्दाच्या फटीतून निसटू नये म्हणून ते एक देशी आणि एक फ्रेंच-लॅटिन शब्द शेजारी शेजारी ठेवत. 'विल' देशी आणि 'टेस्टामेंट' लॅटिन, 'गुड्स' देशी आणि 'चॅटल्स' फ्रेंच. त्याच चालीत 'लीव्ह' देशी आणि 'लायसन्स' फ्रेंचमार्गे आलेला. इंग्लंडमध्ये घुसखोरीच्या दाव्यात 'मी परवानगीने आलो होतो' असा बचाव घेताना हे दोन शब्द जोडीने लिहीत. ती जोडी तशीच्या तशी मुंबईच्या मुद्रांक कागदावर उतरली. तेव्हा लीज आणि लायसन्स यांत जमीनअस्मानाचे अंतर आणि लीव्ह आणि लायसन्स यांत दोरा जाईल एवढीही फट नाही.

तिरकस_रेघ

हे पटले. मात्र त्यावरून माझा मूळ आक्षेप अधिकच बळावतो. इंग्रजी शब्दजोड्यांतील पुष्कळ भेद पंडितांनी मागाहून रचलेले असतात आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ करत बसतो.

मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्युअर' आणि न येणाऱ्यांना 'लेस', हा नियम घ्या. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 1770 मध्ये आपली आवड म्हणून तो सुचवला. त्याच्या जवळजवळ नऊशे वर्षे आधी आल्फ्रेड राजाच्या लेखनात मोजता येणाऱ्या शब्दांसाठी 'लेस' आलेला आहे. असे असूनही या नियमाचा धाक एवढा, की इंग्लंडमधील टेस्को या दुकानसाखळीने 2008 मध्ये दहापर्यंत वस्तू घेणाऱ्या ग्राहकांच्या रांगेवरील पाटी बदलली आणि वाद नको म्हणून 'लेस' आणि 'फ्युअर' दोन्ही टाळून 'दहा वस्तूंपर्यंत' अशा अर्थाची केली.

'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही असा, हेही असेच. सतराव्या शतकात दोन्ही शब्द आजच्या नेमक्या उलट अर्थांनी वापरलेले सापडतात. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा आणि दुसऱ्या प्रकारचा नसावा, हे वाक्य परीक्षेपुरते छान आहे. पण भाषा परीक्षेला बसत नाही. माझे म्हणणे असे, की आपण ज्याला अर्थातील फरक म्हणतो तो बहुतेक वेळा शिष्टाचारातील फरक असतो.

कोर्टाची_पायरी

'लेस' आणि 'फ्युअर'बद्दल आपले म्हणणे मान्य आहे. पण धागाकर्त्यांनी त्या जातीच्या जोड्या पहिल्याच परिच्छेदात बाजूला ठेवल्या आहेत. पाटीवर 'लेस' लिहिल्याने कोणाचे घर गेले नाही. दैनंदिन इंग्रजीत भेद टिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, म्हणून तो झिजतो. कायद्यात आणि बँकेत त्या भेदावर कोणाचे तरी पैसे अडकलेले असतात, म्हणून तो झिजू दिला जात नाही.

पासबुक

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. वरील चर्चेला जोडून, वर्तमानपत्रांत जिचा हमखास गोंधळ होतो अशी एक जोडी देतो: 'राइट ऑफ' आणि 'वेव्हर'.

बँकांनी अमुक इतक्या कोटींची कर्जे राइट ऑफ केली, अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी 'उद्योगपतींना कर्जमाफी' असा मथळा ठरलेला. राइट ऑफ म्हणजे निर्लेखन. वसुलीची आशा क्षीण झालेल्या कर्जासाठी बँकेने आपल्या नफ्यातून पूर्ण तरतूद केलेली असते; असे कर्ज ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवत राहण्यात अर्थ नसतो, म्हणून ते तेथून काढतात. हिशेबाच्या वहीतील हा बदल आहे. कर्जदाराची देणेदारी तसूभरही कमी होत नाही. वसुली न्यायाधिकरणातील दावा चालू राहतो, तारण जप्त करण्याची कारवाई चालू राहते, आणि पुढे कधी रक्कम आली तर ती त्या वर्षीच्या उत्पन्नात धरतात. आमच्या शाखेत निर्लेखित खात्यांचे वेगळे रजिस्टर असे आणि वसुली अधिकाऱ्याच्या मासिक आढाव्यात त्या खात्यांची विचारणा चालू खात्यांपेक्षा कडक असे.

वेव्हर म्हणजे माफी. येथे धनको आपला हक्कच सोडून देतो. करार अधिनियमाच्या कलम 63 मध्ये त्याला ती मुभा आहे. शेतीकर्जाच्या माफीत बँकेला ती रक्कम सरकार भरून देते, म्हणजे देणे नाहीसे होत नाही, देणारा बदलतो. निर्लेखनात बँकेचा तोटा आधीच मान्य झालेला असतो आणि कर्जदार मोकळा नसतो. माफीत कर्जदार मोकळा असतो आणि भार करदात्यावर असतो.

याचा अर्थ निर्लेखन निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. निर्लेखित कर्जांतून प्रत्यक्षात वसूल होणारी रक्कम तुटपुंजी असते, तेव्हा मथळ्यामागील संताप अगदीच निराधार नाही. पण संतापही योग्य शब्दावर व्हावा. हक्क सोडला म्हणून नव्हे, हक्क असून वसुली झाली नाही म्हणून जाब विचारायला हवा. आणि हे दोन प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारायचे असतात.

जाता जाता एक भाषिक तक्रार. आपल्याकडे सर्रास 'वेव्ह ऑफ केले' असे लिहितात. माफ करण्याच्या इंग्रजी क्रियापदाला 'ऑफ' लागत नाही. ते शेपूट 'राइट ऑफ'कडून उसने आलेले आहे. म्हणजे गोंधळ आधी डोक्यात झाला आणि मग व्याकरणात शिरला.

वऱ्हाडी_माणूस

पासबुक यांनी उल्लेख न केलेली एक जोडी विदर्भात आम्हाला चांगलीच महागात पडली आहे: 'वेव्हर' आणि 'रिलीफ'.

29 फेब्रुवारी 2008 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी साठ हजार कोटींची योजना जाहीर केली. गावोगाव बातमी पोहोचली ती 'कर्जमाफी झाली' एवढीच. योजनेचे पूर्ण इंग्रजी नाव ज्यांनी वाचले, त्यांना त्यात 'डेट वेव्हर' आणि 'डेट रिलीफ' असे दोन वेगळे शब्द दिसले असते. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्या अल्प आणि अत्यल्प भूधारकांना वेव्हर होता. त्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना रिलीफ होता. त्यांनी पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरायची, मग पंचवीस टक्के सूट मिळायची.

आता पश्चिम महाराष्ट्रातील पाच एकर बागायती ऊस आणि यवतमाळमधील आठ एकर कोरडवाहू कापूस यांची तुलना करा. उत्पन्न उसाचे अधिक आणि वेव्हरही त्यालाच. कापूसवाला आठ एकरांचा धनी म्हणून 'मोठा शेतकरी' ठरला आणि रिलीफच्या रांगेत गेला. ज्याच्याकडे पंचाहत्तर टक्के भरायला पैसे असते, तो थकबाकीदार झालाच कशाला असता? दुष्काळप्रवण जिल्ह्यांसाठी सूट किमान वीस हजार ठेवली होती हे खरे, पण मूळ अट तीच होती. बैठकीत आमच्या एका काकांनी बँकेच्या साहेबांना विचारले होते, "माफी झाली म्हणता, तर मग पावती कशाची मागता?" त्या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या इंग्रजी नावातच दडलेले होते.

पासबुक

नेमके लिहिलेत. राज्याच्या पुढच्या योजनांतही हे पाहावे. 2017 च्या योजनेत दीड लाखापर्यंतच्या थकबाकीला पूर्ण लाभ होता आणि त्यावरच्या रकमेसाठी उरलेले पैसे आधी भरण्याची अट होती, म्हणजे एकाच योजनेत वेव्हरही होता आणि एकरकमी तडजोडही. 2019 ची योजना दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची होती.

करोनाकाळात मार्च ते ऑगस्ट 2020 पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची जी सवलत मिळाली, तो 'मोरॅटोरियम' होता, माफी नव्हती. व्याजाचे चक्र चालूच होते. पुष्कळांना हे सप्टेंबरमध्ये शिल्लक पाहिल्यावर कळले.

लघुलेखक

मी सत्र न्यायालयात लघुलेखक होतो. तिरकस रेघ यांनी म्हटले की फरक बहुधा शिष्टाचाराचा असतो, आणि त्यावर उत्तर असे आले की कायद्यात तो घट्ट असतो. माझा अनुभव या दोहोंच्या मधला आहे. कायद्यात फरक असतो, जीवघेणा असतो, आणि तरीही तो घट्ट नसतो.

'कल्पेबल होमिसाइड' आणि 'मर्डर', म्हणजे सदोष मनुष्यवध आणि खून. भारतीय दंड संहितेत कलमे 299 आणि 300, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 100 आणि 101. वर्तमानपत्र वाचून असा समज होतो की खून म्हणजे जाणूनबुजून केलेला आणि मनुष्यवध म्हणजे चुकून झालेला. तसे अजिबात नाही. चुकून, म्हणजे हयगयीने झालेल्या मृत्यूचे कलम तिसरेच आहे. सदोष मनुष्यवध हा मोठा वर्ग आहे आणि खून हा त्यातला अधिक गंभीर पोटवर्ग. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्नय्या प्रकरणात हेच जाती आणि प्रजाती या भाषेत मांडले. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो. प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो.

या दोहोंमधील सीमा ज्याने प्रथम नीट आखली, तो निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा आहे: 1876 सालचा, रेजिना विरुद्ध गोविंदा. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारली, पाठीवर बुक्के मारले; ती खाली पडल्यावर छातीवर गुडघा टेकवून बंद मुठीने तोंडावर दोन-तीन ठोसे दिले. कवटी फुटली नव्हती, पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि मुलगी गेली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी 299 आणि 300 ही दोन्ही कलमे दोन स्तंभांत समोरासमोर मांडली आणि शब्दाशी शब्द लावून पाहिला. एका बाजूला दुखापत अशी, की तिने मृत्यू येण्याचा 'संभव' आहे. दुसऱ्या बाजूला दुखापत अशी, की निसर्गक्रमाने मृत्यू येण्यास ती 'पुरेशी' आहे. गोविंदाचा हेतू ठार मारण्याचा नव्हता आणि त्याचे ठोसे पहिल्या स्तंभात बसतात, दुसऱ्यात नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी खुनाचा आरोप टिकवला नाही.

इंग्रजीत पाहिले तर सगळा निर्णय 'लाइकली' आणि 'सफिशंट' या दोन अगदी साध्या शब्दांवर उभा आहे. दंड संहितेत पहिल्या भागात कित्येक व्याख्या आहेत, पण 'लाइकली' किती संभवाला म्हणायचे याचा आकडा कुठेच नाही. मी घेतलेल्या वैद्यकीय साक्षींत सरकारी वकिलांचा शेवटचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असे: ही जखम निसर्गक्रमाने मृत्यू येण्यास पुरेशी होती का? डॉक्टर 'होय' म्हणाले, की बचावाचे वकील उठत आणि तासभर त्या एका 'होय'भोवती उलटतपासणी चाले. वेळेवर उपचार मिळाले असते तर? जखम नेमकी किती खोल? डॉक्टरांनी 'पुरेशी' ऐवजी 'संभव आहे' असे एकदा म्हटले, की ते शब्द माझ्या वहीत जसेच्या तसे उतरलेत ना, हे दोन्ही वकील वाकून पाहत. एका शब्दाच्या बाजूला फाशी किंवा जन्मठेप, दुसऱ्याच्या बाजूला दहा वर्षांपर्यंतची कैदही असू शकते.

तिरकस_रेघ

लघुलेखक, आपल्या प्रतिसादानंतर माझा आक्षेप थोडा बदलून मांडतो. 'लाइकली' आणि 'सफिशंट' यांतील फरक शब्दकोशात तुम्हाला तितक्या धारेचा सापडणार नाही. तो दोन स्तंभांत मांडल्यामुळे निर्माण झाला. म्हणजे शब्दांत फरक होता म्हणून निकाल लागला, की निकाल लावायचा होता म्हणून शब्दांत फरक आला?

लघुलेखक

दुसरे अधिक खरे आहे, असे मला वाटते. कायदा लिहिणाऱ्याने दोन ठिकाणी दोन शब्द वापरले असतील, तर ते निराळ्या अर्थांनीच वापरले असणार, असे गृहीत धरून न्यायालय चालते. गृहीतक प्रत्येक वेळी वस्तुस्थितीला धरून असेलच असे नाही. 'शॅल' आणि 'मे' यांचेच पाहा: बंधनकारक आणि ऐच्छिक असा भेद आपण शिकतो, पण 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनबोधन लाल प्रकरणात राज्यघटनेच्या अनुच्छेद 320 मधील 'शॅल' केवळ निर्देशात्मक, म्हणजे सक्तीचा नसलेला, आहे, असे ठरवले. तरीही हे गृहीतक सोडून दिले तर कायद्यातील कोणताही शब्द कोणत्याही शब्दाच्या जागी चालेल.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहते. एका जोडीच्या बाबतीत मला भारतातल्या बातम्या वाचताना नेहमी अडखळायला होते: 'पॅरोल' आणि 'फर्लो'. 2020 मध्ये माझ्या ओळखीतली निम्मी माणसे फर्लोवर होती. त्यांचे काम थांबले होते आणि सरकार ऐंशी टक्के पगार, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, भरत होते. हे मी पुण्याला आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिने आधी घाबरून विचारले, "तुरुंगात कोण गेले?"

कोर्टाची_पायरी

आपल्या आईंचे घाबरणे रास्त होते. महाराष्ट्रात हे दोन्ही शब्द तुरुंगाचेच आहेत आणि 1959 च्या नियमांनी बांधलेले आहेत. शासकीय मराठीत फर्लोला संचित रजा आणि पॅरोलला अभिवचन रजा म्हणतात, आणि माझ्या मते ही मराठी नावे इंग्रजीपेक्षा अधिक बोलकी आहेत. संचित रजा शिक्षेचा ठरावीक काळ चांगल्या वर्तणुकीने काढल्यावर साचते; तिला कारण द्यावे लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा घरातील मृत्यू, गंभीर आजार, लग्न अशा कारणासाठी परत येण्याच्या शब्दावर मिळते, आणि बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. फर्लो हा कैद्याचा निरपवाद हक्क नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तेथेही हेच जुने मुंबईचे नियम लागू आहेत.

इंग्लंडमध्ये पॅरोल म्हणजे चार दिवसांची सुटी नव्हे. तेथे पॅरोल बोर्ड कैद्याला उरलेल्या शिक्षेसाठी अटींवर बाहेर सोडते, आणि अशा माणसाला ते 'ऑन लायसन्स' म्हणतात. अट मोडली की परत आत.

चाळकरी

म्हणजे तिकडे कैदी आणि इकडे आमचे वरच्या मजल्यावरचे जोडपे, दोघेही लायसन्सवर. वाचून बरे वाटले नाही.

माझी आणखी एक शंका आहे, आणि ती घरचीच आहे. आमच्या आत्याने सोसायटीत फ्लॅटसाठी धाकट्या भाच्याचे नाव 'नॉमिनी' म्हणून दिले आहे. तिने मृत्युपत्र केलेले नाही. तिला एक मुलगी आहे, ती परदेशी असते. भाचा म्हणतो, नॉमिनी म्हणजेच वारस. हे बरोबर आहे का?

कोर्टाची_पायरी

बरोबर नाही, आणि आत्या हयात आहेत तोवर हे निस्तरणे सोपे आहे.

नॉमिनी म्हणजे मृत्यूनंतर संस्थेने कोणाशी व्यवहार करावा त्याचे नाव. मालक कोण होणार ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. विम्याच्या बाबतीत 1984 साली सरबतीदेवी विरुद्ध उषादेवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: पत्नी नॉमिनी असली तरी पैशांत आईचा आणि मुलाचा वाटा राहतो. 2015 च्या दुरुस्तीने विम्यापुरता अपवाद केला; आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर सर्वसाधारणपणे तेच लाभाचे धनी होतात. भाचा त्या यादीत नाही, आणि सोसायटीच्या फ्लॅटला तो अपवाद लागूही नाही. शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तीच भूमिका घेतली.

सोसायटीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली कलम 154-ब-13 आले. त्याप्रमाणे नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेता येते, ते वारसांची नावे लागेपर्यंत. आपल्या आत्यांनी काहीच केले नाही, तर भाच्याचे नाव भागपत्रावर तात्पुरते येईल आणि फ्लॅटवर हक्क मुलीचा राहील. तो सिद्ध करण्यासाठी तिला परदेशातून येऊन वारस दाखल्याच्या मागे लागावे लागेल आणि घरात वितुष्ट येईल ते वेगळेच.

फ्लॅट भाच्यालाच द्यायचा असेल तर आत्यांनी दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करावे. मुलीला द्यायचा असेल तर सोसायटीकडून नामनिर्देशनाचा नवा अर्ज घेऊन मुलीचे नाव द्यावे आणि जुने रद्द करावे. अर्जाची एक प्रत सोसायटीच्या शिक्क्यासह परत घ्यावी आणि समितीच्या सभेत त्याची नोंद झाली की नाही, ते इतिवृत्त मागून तपासावे.